अंबूबाईची बडबड आणि माहे हेडफोन

सोमवार, ५ जानेवारी

टीव्हीवाल्यांले आजकाल तोंड उघडून बोलताच येत नाही. ओठ हालतात, आवाज पोटातच राह्यते. पगार घेता ना बाप्पा, मंग पुटपुटता काऊन? आणि घरचे म्हणतात, आईलेच ऐकू येत नाही.

झालं. राग लिहून झाला, आता जयभीम.

बुलढाण्याच्या डॉक्टरनं कानात मशीन घाला म्हणून सांगतलं. आणि रोज काय काय ऐकू आलं ते वहीत लिहा म्हणे. लिहिते, पण वही त्याले दाखवणार नाही. मशीन बहिरे लोक घालतात. डॉक्टर एवढा वेळ बोलत होता, मी प्रत्येक गोष्टीले मान हालवली. ऐकू आलं नसतं तं मान हालली असती का?

खरा त्रास अंबूबाईचा आहे. समोरच्या घरातली. एकटी राह्यते, घरी टीव्ही नाही. संध्याकाळी सातले येते, माह्या उजव्या कानाले चिकटून बसते, आणि अख्खी सिरीयल सांगत सुटते. आता सून म्हणते असं, आता सासू म्हणते तसं, मेली चुडैल. मधात शिव्या तिच्या पदरच्या. तिच्या गलक्यात मले टीव्ही काय ऐकू येणार? बिचारी एकटी आहे म्हणून बसू देते.

तिची लेक तिले आपल्या घरी, वरवट बकालले बोलावून राह्यली, केव्हाची. ही जात नाही. म्हणते, सिंधूले सिरीयल कोण सांगन? घ्या! माह्यावरच उपकार.

ठरलं. हेडफोन घ्यायचे आणि सुखानं पाहायचं.

बुधवार, ७ जानेवारी

पोरानं, धम्मरत्ननं, वायरचे हेडफोन आणले. सून समता म्हणे, आई, डॉक्टरनं मशीन सांगतलं, हे नाही. मी म्हटलं, तू सिस्टर दवाखान्यात, घरी नाही.

टीव्हीच्या मागच्या भोकात वायर घातली तं टीव्ही मुका झाला. सारा आवाज माह्या एकटीच्या कानात. घरातले लोक नुसते तोंडं पाहत बसले. अंबूबाई म्हणे, काय व सिंधू, मलेच ऐकू येईना, आता तुले काय सांगू? हे मात्र ऐकू आलं, कारण तिनं हेडफोन वर उचलून कानात सांगतलं. मी मान हालवली.

काय शांती! ढोल ऐकू आला. दार आपटलेलं ऐकू आलं. बोलणं नाही आलं. पहिलाच दिवस आहे, कानाले सवय लागाची आहे.

रविवार, ११ जानेवारी

वायर आखूड. म्हणून माहा पलंग ओढून टीव्हीच्या पुढं नेला. आता अंबूबाईले उजव्या कानाशी जागाच नाही, मागं भिंतीले टेकून बसते. गप्प. गप्प बसलेली अंबूबाई मी पहिल्यांदा पाह्यली. वाईट दिसते, पण चालन.

समता चहा घेऊन आली आणि वायरीत पाय अडकला. चहा माह्या पलंगावर, टीव्ही धम्मरत्नच्या हातावर. तो म्हणे, आई, तू काय टीव्हीच्या आत जाऊन बसतं का?

बिनवायरचे घ्यायचे ठरलं.

गुरुवार, १५ जानेवारी

ब्लूटूथ आले. धम्मरत्न म्हणे, हे एकदम भारी.

भारी काय! आवाज मागून येते. पडद्यावर सासू तोंड मिटून बसते, आणि मंग तिचं बोलणं येते. थापड बसते, पोरगी रडून मोकळी होते, तवा थापडीचा आवाज. धम्मरत्न म्हणे, थोडं मागंपुढं चालते. मी म्हटलं, मंग तुह्या लग्नात फुलं आधी टाकली आणि नवरी मंग आणली असती तं चाललं असतं का?

मंग ते त्याच्या मोबाईललेच जाऊन चिकटलं. सिरीयलीत साखरपुडा चालू, आणि माह्या कानात एक माणूस हरभऱ्यावर फवारा कसा मारायचा ते सांगते. बऱ्यापैकी ऐकू आलं. म्हणजे माहे कान चांगले आहेत. तो माणूस तोंड उघडून बोलला, एवढंच.

अंबूबाई आली नाही आज. मुक्या टीव्हीपुढं बसायले कोण येईन, असं समता म्हणे. सर्दी झाली असन तिले. बरं झालं.

बुधवार, २१ जानेवारी

तिसरे आले. टीव्हीपाशी एक ठोकळा ठेवायचा, त्याच्यावर हेडफोन चार्जिंगले उभे करायचे. घरच्यांचा आवाज टीव्हीतून, माहा माह्या कानात. दोन्ही संगंच. समता म्हणे, हेच आधी आणलं असतं तं अंबूबाई भिंतीले टेकून बसली नसती.

समतानं जाऊन तिले बोलावलं. आली. आल्या आल्या उजव्या कानाशी बसली आणि सुरू. मी हेडफोनवर बोट ठेवलं, हात वर केला, चूप. आवाज पुरा केला.

अॅड लागली तवा ती बरंच काही बोलत होती. माहा हात धरून. मी मान हालवली. तिनं पुन्हा काही विचारलं, मी पुन्हा हालवली. सिरीयल संपायच्या आधीच उठून गेली. शहाणी झाली एकदाची.

गुरुवार, २२ जानेवारी

समतानं सकाळीच विचारलं, आई, तुम्ही अंबूबाईले जा म्हटलं?

मी म्हटलं, कुठी?

समतानं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. अंबूबाई विचारत होती, उद्या जावई गाडी घेऊन येऊन राह्यला, सांग सिंधू, जाऊ का राहू? तू राह्य म्हणशीन तं मी त्याले वापस धाडते. आणि जाऊच का मंग, असं विचारलं तवा मी मान हालवली. समताले वाटलं, आमचं आपसात ठरलं असन.

मी दारात गेली. समोर कुलूप.

समता पाहत होती. मी म्हटलं, हो, मीच जा म्हटलं. मले सारं ऐकू आलं होतं. म्हातारपणी लेकीपाशी राहावं माणसानं.

बुधवार, २८ जानेवारी

आता सातले समताले उजव्या कानाशी बसवते. मी विचारते, काय म्हणून राह्यली ती? समता म्हणते, काही नाही आई, भांडून राह्यले. बस. एवढ्या लांब भांडणाचे चार शब्द.

मी विचारलं, मोठ्या जावेनं बकरीले विष घातलं होतं, ते उघडं पडलं का? समता म्हणे, या सिरीयलीत बकरी नाही. विषही नाही. मोठी जाऊ तं भली बाई आहे.

म्हणजे इतके वर्ष मी अंबूबाईची सिरीयल पाहत होती. तिची चांगली होती.

हेडफोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. गोंगाट मोठा झाला, शब्द तसेच गढूळ. डॉक्टर फोनवर धम्मरत्नले म्हणे, आवाज वाढवून शब्द साफ होत नाहीत, आणि मशीननंही आता थोडाच फरक पडन, यायले उशीर केला. हेडफोनच खराब निघाले. चौथे घेऊ.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

चौथे घ्यायचे नाहीत. तिसरे ठोकळ्यावर उभे आहेत, राहू द्या.

सातले अंबूबाईचा फोन आला. धम्मरत्ननं माह्या हाती देल्ला. आवाज तिचाच, एवढं कळलं. काही विचारत होती, कारण बोलणं वर जाऊन थांबे. मी मान हालवली. ती पुन्हा विचारे, मी पुन्हा हालवे. धम्मरत्न हसत म्हणे, आई, तिले तुही मान दिसून राह्यली का? तोवर तिनं फोन ठेवला.

त्यानं परत लावून विचारलं. तिथं सातले जावई क्रिकेट लावून बसते. अंबूबाई विचारत होती, सिरीयलीत काय झालं व? कोणी सांगत नाही मले. तू तरी सांग.

मले काय माहीत?

उद्या तिचा फोन आला तं समतानं उचलायचा. धम्मरत्ननं नाही, तो हसते. मले तं देऊच नका. समतानं सिरीयल नीट पाहून ठेवायची आणि अंबूबाईले एकेक बोलणं सांगायचं. कमी पडलं तं बकरी घालायची.