गच्चीवरची टाकी

लातूर, मंगळवार, सांजच्याला

मी सांगते, सूनबाई लिहिते. हवेच्या दाबानं पाणी वर ढकलणाऱ्या खालच्या टाकीतली हवा पुन्हा गेली. वर भाड्यानं राहणाऱ्या क्लासच्या पोरींनी नळ उघडला की मोटर चालू-बंद, चालू-बंद. मिस्त्री हवा भरायला गेला, तर हवेच्या तोंडातून पाणीच आलं. आतली रबरी पिशवी फाटली, तसली आता मिळत न्हाई म्हणाला.

"आजी, गच्चीवर टाकी बसवा."

"तुझ्या डोक्यावर बसवू का?" म्हणलं. हसला.

भूकंपात माझी लेक छताखाली दबून गेली. या पोरींएवढीच होती. तवापासून गच्चीवर वजन चढू दिलं न्हाई. पण मोटर सारखी चालू-बंद, वर पाणी धड चढंना, आन् पोरी बिनाआंघोळीच्या परीक्षेला जायला लागल्या. किती अडवू?

हो म्हणलं. उद्या टाकी चढंल. उद्यापासून माझं अंथरूणबी वर, टाकीच्या बरोबर खाली, पोरींच्या खोलीत. मी घोरते म्हणून कुरकुरतील. कुरकुरू दे.