तेरावा राजीनामा

२ जून
निवड झाली. आंतरराष्ट्रीय शाळा, घर शाळेचं, विमानाचं तिकीट शाळेचं. व्हिडिओवर बावीस मिनिटं मुलाखत झाली, त्यातली एकोणीस मी बोललो. प्रिन्सिपॉल बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या की फिजिक्सची जागा चार महिने रिकामी आहे, कुणी मिळतच नाही. माझी योग्यता लगेच ओळखली.
रोजनिशी आजपासून. खाजगी.

४ जून
मुख्याध्यापकांना राजीनामा दिला. माझा बारावा. आधीचे अकरा त्यांनी फाडले. पद्धत ठरलेली होती. मी सकाळी पाकीट टेबलावर ठेवायचं. कारण लिहायचं नाही. कारण समोरच्यानं विचारायचं असतं. दुसऱ्या दिवशी ते केबिनमध्ये बोलावणार, चहा मागवणार, सर असं काय करता म्हणणार. मग मी कारण सांगायचं. तिसऱ्या राजीनाम्यानं लॅब जिन्याखालून वरच्या मजल्यावर गेली. सातव्यानं सकाळचा पहिला तास सुटला.
या वेळी त्यांनी पाकीट तिथल्या तिथे उघडलं. खरंच जाताय ना, असं दोनदा विचारलं. हो म्हटल्यावर सही केली, शिक्का मारला. डोळे पुसत होते. सर्दी झालीय म्हणाले. मोठी माणसं भावना अशाच लपवतात.

११ जून
परदेशी जाणाऱ्या शिक्षकांसाठी मार्गदर्शिका लिहायला घेतली. चार प्रकरणं झालीसुद्धा. अनुभव यायचाय, पण तो काय असेल याचा अंदाज आहे.
स्टाफच्या ग्रुपवर पहिलं प्रकरण टाकलं. तीन अंगठे. प्रश्न फक्त तासवाल्याचे. हा आमच्या शाळेत तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतो. जितके तास तितके पैसे, मस्टरवर नाव नाही. विचारतो, सर, डिग्रीवर आधी कुठला शिक्का घ्यायचा आणि नंतर कुठला? मी लिहिलं, नजर शिखरावर ठेव. तो म्हणाला, हो सर, पण आधी कुठला?

१९ जून
शिक्के मिळाले नाहीत. माझ्या सगळ्या प्रमाणपत्रांना लॅमिनेशन आहे, त्यावर शाई धरत नाही. खिडकीतला कारकून म्हणाला, साहेब, हे असं कुणी करतं का? विद्यापीठातून नव्या प्रती काढायला पाच हेलपाटे पडतील.
मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या प्रकरणात लॅमिनेशनची शिफारस आहे. ती तशीच ठेवली. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

५ जुलै
बायकोला म्हटलं, पोस्टातली नोकरी सोड. जानेवारीत तू आणि लेक तिकडे येणार, मग कशाला ती काउंटरची कटकट? तिनं करारपत्र वाचायला मागितलं. चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाली, अहो, यात पहिलं सत्र प्रोबेशन लिहिलंय. तोवर आम्हाला व्हिसा नाही. म्हणजे ते तुम्हाला पारखणार ना? म्हटलं, मी त्यांना पारखणार. ती म्हणाली, मी बिनपगारी रजा टाकते.
दूरदृष्टी नाही.
लेकीला त्या शाळेत फी माफ. ती सातवीत आहे. तिनं शाळेच्या वेबसाइटवर पोहण्याचा तलाव पाहिला आणि विचारलं, बाबा, खोल बाजू किती खोल आहे? म्हटलं, तू ये तर.

३ ऑगस्ट
पोचलो. फ्लॅट सातव्या मजल्यावर. भिंती पांढऱ्या, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी. दोन खोल्या तिघांना पुरतील. लेकीची कॉट कुठे बसेल ते पावलांनी मोजून ठेवलं.

१२ ऑगस्ट
शेगडी बिघडलेली दिली आहे. नऊ दिवस भात शिजला नाही, ब्रेडवर काढले. तक्रारीची तीन पत्रं, तिसरं जरा कडक. आज मेंटेनन्सवाला आला. खिशातून लोहचुंबक काढून माझ्या कुकरच्या बुडाला लावलं. ते खाली पडलं. म्हणाला, शेगडी इंडक्शनची आहे, हिच्यावर ॲल्युमिनियम तापत नाही. मग त्याचं पातेलं ठेवून दाखवलं. दोन मिनिटांत पाणी उकळलं.
प्रकरण पाचमध्ये भर घातली: कुकर न्यावाच, सोबत शेगडीही न्यावी.

६ सप्टेंबर
प्रिन्सिपॉल बाई मागच्या बाकावर बसून माझा तास पाहून गेल्या. नंतर म्हणाल्या, इंटरेस्टिंग. चाळीस मिनिटांपैकी अडतीस तुम्ही बोलत होतात, मी मोजलं. मुलांना हातात काही मिळालं तर?
अडतीस मिनिटं मोजली. अठरा वर्षांत इतक्या बारकाईनं मला कुणी ऐकलं नव्हतं.
मुलांच्या हातात काय द्यायचं ते कळलं नाही. नोट्स दिल्या.

२३ सप्टेंबर
बस ड्यूटी. आठवड्यातून तीन दिवस फाटकाशी उभं राहायचं. अंगात पोपटी चमकतं जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात यादी. कोणतं मूल कोणत्या बसमध्ये चढलं त्यावर खूण करायची. फळ्यावरून फाटकावर आणलं मला. सीनियर वर्ग अजून दिलेला नाही. माझ्याकडे सातवी-आठवी, तेही नुसतं सायन्स.
गणिताची बाई, जिचा डॉक्टरेटचा प्रबंध छापलेला आहे, तीही जाकीट घालून उभी असते आणि ड्रायव्हरांशी गप्पा मारते. स्वाभिमानच नाही.
बायकोनं व्हिडिओवर जाकीट पाहिलं. म्हणाली, रंग खुलतो तुम्हाला.

१० ऑक्टोबर
लेकीचा आमच्या जुन्या शाळेतून दाखला काढून घ्यायला सांगितलं. बायको म्हणाली, घाई काय? व्हिसा हातात येऊ दे. म्हटलं, मार्गदर्शिकेत सहावं प्रकरण याच विषयावर आहे, कागदपत्रं आधीच तयार हवीत. बराच वाद झाला. शेवटी काढते म्हणाली.

२१ ऑक्टोबर
दाखला निघाला. वर्गानं लेकीला निरोप दिला. सगळ्यांच्या सह्यांचा मोठा कागद तिनं कॅमेऱ्यासमोर धरला. मैत्रिणीनं लिहिलंय: तिकडे गेलीस तरी आपल्याच बाकावरची.
आता दोन महिने ती घरीच अभ्यास करील. बायको कॅमेऱ्यासमोरून उठली. भांडी आदळल्याचा आवाज आला, पण नेटवर्कमुळेही असू शकतं.

३ नोव्हेंबर
आज भर पावसात बस ड्यूटी. एका मुलाच्या नावावर खूण करायची राहिली. तो बसमध्येच होता, पण सगळ्या बसेस अकरा मिनिटं थांबल्या. बाईंनी छत्री धरून स्वतः मोजणी केली. मला रागावल्या नाहीत. याद्या दोनदा पाहिलेल्या बऱ्या, एवढंच म्हणाल्या.
हे अति झालं. वेळ आली आहे. शस्त्र काढावं लागणार.

४ नोव्हेंबर, सकाळी ८
राजीनामा बाईंच्या टेबलावर ठेवला. तेरावा. भाषा नेहमीचीच: वैयक्तिक कारणास्तव. मागण्या मनात तयार आहेत. बस ड्यूटी बंद, सीनियर फिजिक्स, स्वतःचं कपाट. उद्या चहाला बोलावतील.

त्याच दिवशी, ८.४०
उत्तर आलं. तुमच्या निर्णयाचा आदर करतो, प्रोबेशनच्या नियमाप्रमाणे सत्रअखेर मोकळे व्हाल, लवकर कळवल्याबद्दल आभार. आदर हा शब्द दोनदा आहे. चाळीस मिनिटांत उत्तर म्हणजे केवढी घबराट.

५ नोव्हेंबर
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अकरा ते बारा मुद्दाम मोकळा बसलो. बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या, गुड मॉर्निंग म्हणाल्या, पुढे गेल्या. सगळ्यांसमोर विषय काढला नाही. सौजन्य आहे.

९ नोव्हेंबर
वेबसाइटवर माझ्या जागेची जाहिरात. बाईसुद्धा कसलेल्या खेळाडू आहेत. आमचे मुख्याध्यापक या थराला कधी गेले नव्हते.
जाहिरात ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, पाहा, एक माणूस हलला तर जगभर शोधाशोध. तासवाल्यानं विचारलं, सर, जागा खरंच रिकामी होणार आहे? लिहिलं, कागदावर. त्यानं विचारलं, मग मी अर्ज केला तर राग नाही ना येणार? म्हटलं, खुशाल कर, तेवढाच तुला अनुभव.
घरी यातलं काही सांगितलं नाही. बोलणी संपली की एकदम आनंदाची बातमीच द्यावी.

१८ नोव्हेंबर
चहा नाही.

२७ नोव्हेंबर
अखेर बोलावणं. गेलो. चहा नव्हता, पण खुर्ची दिली. बाई म्हणाल्या, तुम्ही शिक्षकांसाठी मार्गदर्शिका लिहिताय असं कानावर आलं. तुमच्या जागी येणाऱ्यासाठी दोन पानं लिहून द्याल का? घर, शेगडी, बसच्या याद्या, असलं व्यवहाराचं?
ही मनधरणीच आहे, आडवळणाची. माझ्याशिवाय चालत नाही हेच कबूल केलं. म्हटलं, दोन कशाला, अकरा प्रकरणं आहेत. त्या म्हणाल्या, दोन पुरेत.
जाताना विचारलं, येणारा कोण? त्यांनी स्क्रीन वळवून दाखवला.
तासवाला.

२८ नोव्हेंबर
झोप नाही. त्याचे सगळे शिक्के योग्य क्रमानं आहेत म्हणे. मुलाखतीत त्यानं सायकलचा पंप आणि एक फुगा घेऊन हवेचा दाब शिकवला. दहा मिनिटं बोलला आणि वीस मिनिटं प्रश्न विचारले. बाईंना तेच आवडलं. कुणाला काय आवडेल, सांगता येत नाही.

१ डिसेंबर
स्वतःच बाईंकडे गेलो. माघार नाही, खुलासा. म्हटलं, तो राजीनामा जायचा नव्हता. त्या म्हणाल्या, मग कशाचा होता? सगळं समजावलं. पाकीट, दुसरा दिवस, चहा, मग कारण. त्यांनी मन लावून ऐकलं. विचारलं, आणि समोरच्यानं कारण विचारलंच नाही तर? म्हटलं, असं कधी झालं नाही. त्या म्हणाल्या, बस ड्यूटीचं मला नुसतं सांगितलं असतंत, तर पुढच्या सत्रात मी वेळापत्रक बदलून दिलं असतं. गणिताच्या बाईंनी मागितलं, त्यांना दिलंच.
मग लेकीचं सांगितलं. दाखला काढल्याचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मला खरंच वाईट वाटतं. पण करारावर सह्या झाल्यात.
दार त्यांनी स्वतः उघडून धरलं.

२ डिसेंबर
बायकोला सांगितलं. वाटलं होतं रडेल. तिनं विचारलं, राजीनामा दिलात त्या दिवशी मला फोन का केला नाहीत?
म्हटलं, त्यानं काय झालं असतं?
ती म्हणाली, अहो, तुम्ही राजीनामा दिलात की दर वेळी त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापकांना फोन करायचे. सर, यांचं मनावर घेऊ नका, उद्या चहा पाजा, काय हवंय ते विचारा, जमेल तेवढं द्या. अकरा वेळा केला. शेवटी शेवटी ते फोन उचलून आधीच म्हणायचे, हो वहिनी, आलंय पाकीट. तुमच्या त्या बाईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. असता तरी मी काय बोलणार होते, आणि कोणत्या भाषेत?
लेकीला फोन दे म्हटलं. ती घेईना. मागून आवाज आला, आई, त्यांना विचार, आता मी वर्गात काय सांगू?
मी रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

५ डिसेंबर
बायकोच्या सांगण्यात अतिशयोक्ती असावी. अकरा नाही, आठ-नऊ वेळा केला असेल. आणि लॅब वर गेली ती तिथे ओल होती म्हणून, हे मुख्याध्यापकांनीच एकदा सांगितलं होतं. म्हणजे तिच्या फोनचाही काही संबंध नाही.
दोन पानं लिहायला बसलो. लिहिलं: प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करू नये. शेगडीवर ॲल्युमिनियम चालत नाही. याद्या दोनदा पाहाव्यात. काही हवं असेल तर मागावं.
अर्धं पानच झालं. दिलं.

१९ डिसेंबर
सत्र संपलं. किल्ली जमा. कुकर मेंटेनन्सवाल्याला देऊ केला. नको म्हणाला.

२८ डिसेंबर
मुख्याध्यापकांकडे गेलो. बायको आणि लेक सोबत. लेकीला परत घ्यायला ते एका शब्दात तयार झाले. कारकुनानं तिचं नाव हजेरीच्या तळाशी लिहिलं. तिनं विचारलं, सर, आता माझा नंबर शेवटचाच राहणार? ते म्हणाले, या वर्षापुरता.
माझी जागा जूनमध्येच भरली. पण तासवाला गेल्यानं त्याचे तास रिकामे आहेत, हवेत का, असं त्यांनी विचारलं. विचारलं बायकोला. हवेत म्हणाली.

११ जानेवारी
आज चार तास होते. एक मैदानावरच्या सामन्यांमुळे बुडाला, म्हणजे तीनच लागले. मस्टर मागितलं तर शिपायानं तासवाल्याची वही पुढे केली. त्यात तास लिहून सही करायची. पहिला तास सकाळी साडेसातचा. स्टाफरूममध्ये खुर्ची कमी पडली म्हणून कुणीतरी स्टूल आणून दिलं. मोबाईलवर तासवाल्याचा मेसेज: सर, तुमचं अर्धं पान फार उपयोगी पडलं.
हे सहन करण्यासारखं नाही. मधल्या सुट्टीत कोरा कागद घेतला, वर तारीख घातली आणि कार्यालयात जाऊन पाकीट मागितलं. कारकुनानं विचारलं, कशाला? म्हटलं, राजीनामा. तो म्हणाला, सर, तासवाल्यांना राजीनामा नसतो. यायचं बंद केलं की झालं.
गजर सहाचा लावला.