डोक्यावरून कान

चि. बायोस आईचा आशीर्वाद, मागितला नसलास तरी.

मी तुझ्या भावाकडे बरी आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

काल नातीला शाळेत घालायला गेलो. बाई म्हणाल्या, "वय कमी आहे, पुढच्या वर्षी आणा. लहान मूल वर्गात मागे पडतं." मी न भांडताच उठले, तर सूनच घाबरली.

तुझ्या वेळी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला, की मास्तर सहा वर्षं धरायचे. तुझा हात पुरेना. मला कामावर जायची घाई. मी हळूच तुझी मान वाकवली.

मग तू दोनदा नापास झालीस. मी ढ म्हणाले, अजून तुझ्या पोरांसमोर म्हणते.

आता त्यांच्यासमोरच हे मोठ्याने वाच: तू ढ नव्हतीस, पाच वर्षांची होतीस.

तुझी चुकलेली,
आई