गिऱ्हाइकाच्या बोलीत

३ सप्टेंबर

परदेशात एका कॉफीची खरी किंमत : तीनदा इंग्रजीत सांगणं, चौथ्यांदा बोट दाखवणं, रांगेतल्या पाच जणांचे उसासे आणि माझी अर्धी इज्जत. कॉफी बेचव. चव असती तरी वसूल झाली नसती!

वय पंचेचाळीस. वर्गात शिरलो तर दोघं सावरून बसले — मास्तर आले समजून. यंत्राच्या आवाजावरून त्याचा बिघाड ओळखायचा, असा हा अभ्यासक्रम. वीस वर्षं पंप दुरुस्त केले, आता स्वतःचा कारखाना आहे. तुला हे कशाला, असं सगळे म्हणाले. बायको तेवढी म्हणाली, "जा. पण पास होऊन या. नापास झालात तर लोकांना तोंड मी देणार नाही."

५ सप्टेंबर

घाबरायचं कारण नाही. धंद्यातलं माझं पहिलं सूत्र — गिऱ्हाइकाशी गिऱ्हाइकाच्या बोलीत. ठेकेदाराशी ठेकेदारासारखं, गुरुजींशी गुरुजींसारखं. समोरच्याला वाटतं आपलाच माणूस. घासाघीस करायला त्याची जीभ वळत नाही. आणि कान असा की चार वाक्यं ऐकली की माणूस कुठला ते सांगतो. आजवर चुकलो नाही! महिन्याभरात इथल्यांसारखं इंग्रजी बोललो नाही तर नाव बदलीन.

११ सप्टेंबर

वर्गाचे गट पाडले, चौघाचौघांचे. डिसेंबरात प्रत्येक गटाने एका आजारी पंपावर सगळ्यांपुढे बोलायचं. गट नाही तर गुण नाहीत, गुण नाहीत तर घरी.

आमच्या गटाची म्होरकी माझ्या लेकीच्या वयाची. वही अशी धरते की मी मनात तिचं नाव हेडबाई ठेवलं. पण बोलणं! शब्दाच्या शेवटी हलका हेल, पाळणा थांबता थांबता झुलावा तसा. अस्सल इथलं. गिरवायचं तर हिचंच.

१२ सप्टेंबर

आरशापुढे पाऊण तास हेल. शेजारच्या खोलीतल्या उंच गड्याने — मी त्याला खांब म्हणतो — दार ठोठावलं. "बरं वाटत नाहीये का?"

२९ सप्टेंबर

जमलं!!

१ ऑक्टोबर

खांबाशी खांबासारखा बोललो. घोगरा, अर्धे शब्द गिळून. त्याचा चेहरा पडला. "माझी टर उडवताय?" छे! या गड्याला माणुसकी कळत नाही.

८ ऑक्टोबर

गटाची बैठक. हेडबाईशी तिच्याच हेलात पंधरा मिनिटं बोललो. इतकं हुबेहूब की माझं मलाच कौतुक वाटलं. कानाच्या पाळ्या लालबुंद. वही मिटली, उठली, गेली.

संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी — 'माझी नक्कल करणाऱ्याबरोबर मी काम करणार नाही. तुम्ही दुसरा गट बघा.'

दुसरा गट? सगळे भरलेत!

९ ऑक्टोबर

बायकोला फोन. सगळं सांगितलं. म्हणाली, "अहो, एखादा ठेकेदार तुमच्यासारखं बोलायला लागला तर?"

"तोंड फोडीन त्याचं!"

"मग?"

पुढे तीच म्हणाली, "इथे लोक तुम्हाला ओळखतात. लाडीगोडी लावताय हे ठाऊक असूनही हसतात. तिकडे कोण ओळखतंय तुम्हाला?"

एवढी अक्कल असलेली बाई माझ्याशी लग्नाला तयार कशी झाली, देव जाणे.

१० ऑक्टोबर

हेडबाईला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं. बोललो माझ्या खडबडीत इंग्रजीत. टर नव्हती, धंद्याची सवय. तुमचं बोलणं सगळ्यांत गोड लागलं, म्हणून उचललं.

"गोड?" माझ्याकडे बघत राहिली.

"परत उचलायचं नाही."

"नाही."

"आणि पंपावर तुम्हीच बोलायचं. तुमच्या आवाजात."

खांबाचीही माफी मागितली. तो म्हणाला, "खरं तर छान जमलं होतं." घ्या!

१४ डिसेंबर

बोललो! कारखान्यात बोलतो तसंच — 'र' खणखणीत, वाक्यं तोडून तोडून. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ कानाला. आतलं बेअरिंग गेलं की पंप कसा कण्हतो ते तोंडाने काढून दाखवलं. वर्ग फिदीफिदी. प्राध्यापकांनी एकदाही 'पुन्हा सांगा' म्हटलं नाही. पास!

बायकोला कळवलं — आता दे तोंड लोकांना, खुशाल.

१६ डिसेंबर

हेडबाई सुट्टीला घरी निघाली. बॅग उचलू लागायला गेलो, तर फोनवर आईशी बोलत होती — भलत्याच भाषेत. एक शब्द कळेना. हेल तेवढा ओळखीचा. फोन ठेवून म्हणाली, "माझ्या इंग्रजीतून बाकी सगळं घासून काढलं मी. एवढंच निघत नाही. वाटलं होतं, कुणाला ऐकू येत नसेल."

ती इथली नाही. माझ्याआधी दोन वर्षं आली, एवढंच.