परतीचा शिक्का

८ नोव्हेंबर १९९३, उरायासु

आज मुदतवाढ नाकारली. अठ्ठावीस तारखेच्या आत मला जपान सोडायचं आहे. म्हणून ही वही काढली. विभासमोर हे बोलता येत नाही, जावयांसमोर बोलून उपयोग नाही, आणि गप्प राहिले तर मी कुणावर तरी ओरडेन. बहुधा त्या चार महिन्यांच्या पोरीवरच.

खिडकीपलीकडचा अधिकारी इतका नम्र होता की राग काढायला जागाच नाही. जूनमध्ये नव्वद दिवसांच्या विजावर आले, ऑगस्टमध्ये त्यांनी एकदा वाढवून दिले. आता नाही. रविकांतराव शेजारी उभे राहून सांगत होते, "आई, ते म्हणतायत, बाळंतपण तर जुलैतच झालं."

झालं खरं. संपलं कुठे?

विभा ओवीला उचलत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून. बाळ रडलं की कानांवर हात ठेवते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्या घेते आणि खिडकीशी बसते. सप्टेंबरात एका दुपारी मी खाली कचरा टाकून वर आले तर ही गॅलरीत, ओवीला धरून, कठड्याला पोट टेकवून उभी. सातवा मजला! मला म्हणाली, "खाली किती शांत आहे ना, आई."

त्या दिवसापासून दोघींना मी एकटं सोडलेलं नाही. रविकांतराव रात्री नऊला येतात. मी गेले तर सकाळी आठ ते रात्री नऊ या घरात कोण?

९ नोव्हेंबर

काल लिहायचं टाळलं ते आज लिहिते. ऑगस्टमध्ये विभा पहिल्यांदा रडली तेव्हा मी म्हणाले होते, "पुरे झाले नखरे. तुला दोन महिन्यांची ठेवून मी शाळेत हजर झाले होते." ती तेव्हा रडायची थांबली. मला वाटलं, औषध लागू पडलं.

त्यानंतर ती रडलेलीच नाही.

१२ नोव्हेंबर

पाचव्या मजल्यावरची दिपाली आणि तिचा नवरा राजीव येऊन गेले. राजीव म्हणजे हसल्याशिवाय वाक्य न बोलणारा माणूस.

"मावशी, एवढं काय घेऊन बसलात? आमच्या ऑफिसातली पोरं दर तीन महिन्यांनी हाँगकाँगला जातात. नवा विजा घ्यायचा, नूडल्स खायचे, परत यायचं. आपल्याला तिथे जायला विजा लागत नाही. थायलंडात तर म्हणे लोक पूल चालत ओलांडतात, पलीकडे शिक्का मारतात, चहा पितात आणि संध्याकाळी घरी. इथे चारी बाजूंनी समुद्र, म्हणून विमान. बाकी तेच!"

मी म्हणाले, "म्हणजे कुंपणावरून उडी."

"उडी कसली? फाटक आहे मावशी, फाटक!"

एकतीस वर्षं मुलींची शाळा चालवली. मागच्या भिंतीवरून बाहेर जाऊन पुढच्या दारातून साळसूदपणे आत येणाऱ्या मुलींना ताबडतोब ओळखायचे. कान धरून उभं करायचे. आता माझी पाळी.

दिपाली विभाजवळ बसून म्हणाली, "तुमचं बरं, मावशी. तुम्हाला तो परतीचा शिक्का नाही लागत. आम्हा इथे राहणाऱ्यांना देश सोडण्याआधी तो घ्यावाच लागतो. नाही घेतला की इथला मुक्काम रद्द. बाबा गेले तेव्हा मी तशीच धावले. मग बसले नाशकात आठ महिने, पहिल्यापासून सगळे कागद करत." विभाने मान वर केली आणि विचारलं, "लहान मुलांनासुद्धा लागतो?" "सगळ्यांना गं. ओवीलासुद्धा."

कितीतरी दिवसांनी विभाने कुणाला काही विचारलं. मला बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर

विभाने आज केस विंचरून घेतले. माझ्याकडून. तेवढंच.

१८ नोव्हेंबर

ठरलं. चोवीसला निघायचं, तीसपर्यंत परत. रविकांतरावांनी हमीपत्र केलं, बँकेचे कागद जोडले. राजीवने अर्ज कसा भरायचा ते दोनदा बजावलं. "येण्याचं कारण — पर्यटन. एवढंच. निबंध लिहायचा नाही, मावशी!"

मी ओवीचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. रविकांतरावांना दूध करायला शिकवलं. आधी पाणी, मग पावडर, मग मनगटावर थेंब. ते नोंदी घेत होते! एवढा शिकलेला माणूस, बाटली उचलण्याआधी दोनदा वही वाचतो. दिपालीची सकाळची बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानातली नोकरी दहाला सुटते, मग ती विभाजवळ बसेल. आठ ते दहा रविकांतराव थांबतील. त्यांच्या साहेबांनी सहा दिवसांपुरतं चालेल म्हटलंय.

खालचे पहारेकरी आजोबा आज माझी पिशवी घेऊन सात मजले वर आले. जळणाऱ्या कचऱ्यात काचेची बाटली होती म्हणून. मी वाकून माफी मागितली. हा माणूस माझ्या शाळेत असता तर मी लवकर निवृत्त झाले नसते.

२३ नोव्हेंबर

विभाने विचारलं, "आई, तू परत आली नाहीस तर?"

म्हणाले, "जाऊन परत आले नाही असं कधी झालंय?"

ती म्हणाली, "नाही. कधीच नाही." आणि पुन्हा खिडकीकडे.

बॅगेत नऊवारी घेतली नाही. सहाच तर दिवस.

२५ नोव्हेंबर, हाँगकाँग

एका सिंधी माणसाच्या गेस्ट हाऊसमध्ये खोली. खोली कसली, कपाटच. खिडकी उघडली की समोरच्याचे वाळत घातलेले कपडे हाताला लागतात. इथे सगळे माझ्याच जातीचे — शिक्क्यासाठी आलेले. एक नेपाळी पोरगा सातव्यांदा आलाय. मला म्हणाला, "आंटी, पहिल्यांदा भीती वाटते, मग सवय."

सकाळी जपानी वकिलातीत अर्ज दिला. अर्जावर रकाना होता, येण्याचं कारण. पेन उघडलं. ‘पर्यटन’ लिहायला घेतलं आणि हात थांबला. एकतीस वर्षं मुलींना सांगितलं, अर्जातला रकाना रिकामा सोडायचा नाही आणि खोटा भरायचा नाही. खाली शपथेवर सही होती. मी लिहिलं: ‘माझी मुलगी प्रसूतीनंतर आजारी आहे. तिला व बाळाला एकटे ठेवणे धोक्याचे आहे. तिला बरे वाटेपर्यंत राहावे लागेल.’ डॉक्टरांची चिठ्ठीही जोडली. जागा पुरली नाही म्हणून मागे लिहिलं.

बाहेर आले तेव्हा मान ताठ होती. वाटलं, माणसंच आहेत ती. वाचतील, समजतील.

२६ नोव्हेंबर

वाचलं त्यांनी. समजलंही.

खिडकीवरची बाई माझ्याच वयाची. कागद उलटा करून मागचंसुद्धा वाचलं. मग म्हणाली, हा पर्यटनाचा विजा आहे. बरं वाटेपर्यंत म्हणजे किती दिवस? तुम्ही आधीच सहा महिने राहिलात. अशा कारणासाठी आपल्या देशातून अर्ज करा. नामंजूर. आणि एकदा नामंजूर झाला की त्याच कारणासाठी सहा महिने अर्ज नाही.

मी म्हणाले, "मी खोटं लिहिलं असतं तर?"

तिने पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला.

रविकांतरावांना फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "साईटसीईंग लिहा म्हणून सांगितलं होतं ना, आई! एक शब्द! एक शब्द लिहायचा होता!"

मी म्हणाले, "हो."

माझा खरेपणा मी मिरवला. त्याची किंमत विभाने द्यायची.

२८ नोव्हेंबर

आज मुदत संपली. मी आधीच बाहेर आहे. नियमात बसते.

१ डिसेंबर

पुण्याचं तिकीट काढवत नाही. इथून उरायासु जवळ आहे असं मनाला वाटतं. वेडेपणा! समुद्र तो समुद्र.

फोनवर विभाला बोलावलं. श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, "विभा, माझं चुकलं. ऑगस्टमध्ये बोलले ते चुकलं." आयुष्यात मी कुणाची अशी माफी मागितल्याचं आठवत नाही. मग म्हणाली, "आई, तू म्हणाली होतीस परत येशील." फोन ठेवला.

४ डिसेंबर

विभाला दवाखान्यात ठेवलं. काल दुपारी दिपाली वर गेली तर दार आतून बंद, ओवी रडतेय, विभा पुन्हा गॅलरीत. या वेळी एकटी. पहारेकरी आजोबांनी किल्लीने दार उघडलं. त्यांनीच तिला हाताला धरून आत आणलं म्हणे, आणि पोलीस येईपर्यंत तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले.

जिवंत आहे. हे मी दहा वेळा लिहिलं तरी मला पटत नाही. जिवंत आहे.

ओवी दिपालीकडे. पण दिपालीची स्वतःची दोन आहेत.

५ डिसेंबर

रविकांतरावांचा फोन. आवाज सपाट, जपानी ऑफिसात बोलतात तसा. "मंगळवारी ओवीला घेऊन हाँगकाँगला येतोय. तासाभरात परतीचं विमान. तुम्ही तिला पुण्याला न्या. विभा बरी झाली की बघू."

"बघू" म्हणाले. मी त्या शब्दाला धरून बसले आहे.

७ डिसेंबर, कायटाक विमानतळ

शाळेचा चार्ज देताना यादी करून दोघांनी सह्या करायची पद्धत होती. आजही केली. हात कशात तरी गुंतलेला हवा होता.

मिळालं ते असं. मुलगी एक, ओवी, साडेचार महिने, झोपलेली. दुधाच्या बाटल्या तीन. पावडरचा डबा, अर्धा. माझंच वेळापत्रक, फ्रिजवरून काढलेलं. दुपटी सहा, त्यातलं एक विभाच्या जुन्या साडीचं. पासपोर्ट एक, डोळे मिटलेल्या फोटोचा.

पासपोर्ट सगळा चाळला. दोनदा. म्हणाले, "रविकांतराव, हिचा परतीचा शिक्का घ्यायचा राहिला."

"राहिला नाही, आई. विभाने घेऊ दिला नाही. म्हणाली, ओवीला परत आणायचं नाही. माझ्याजवळ नको. आईजवळ जगेल."

मग रविकांत रडला. सगळ्या लोकांत, लहान मुलासारखा. मी त्याला पुरे म्हणाले नाही.

परतीचा शिक्का — नाही.

वरीलप्रमाणे मिळाले.
स. नी. गद्रे