सॅमन कोणाचा?

शनिवार, संध्याकाळ

आम्ही दोघं किचनर शहरातल्या घरी परतलो तरी माझा राग जात नाहीये. आज नदीवर होडीत तो सॅमन माझ्या गळाला लागला. वीस मिनिटं झुंजले, मनगट अजून ठणकतंय. वल्ही मारणारा गाईड सारखा ओरडत होता, "कीप रीलिंग, लेडी!" मासा जाळीत आल्यावर नवरोबा म्हणाले, "जड आहे, दे, मी धरतो." फोटो मीच काढला. मग मासा पाण्यात सोडून दिला.

आता फॅमिली ग्रुपवर तोच फोटो! सगळे सुनीलचं अभिनंदन करताहेत आणि हा नुसता 'थँक्यू' लिहितोय. विचारलं तर म्हणे, "अगं, एवढं काय त्यात?"

एवढं काय? हे ठणकणारं मनगट कोणाचं मग?

शेवटी ग्रुपवर लिहिलंच, "मासा मी पकडला. सुनीलने फोटोपुरता हातात घेतला."

पहिला अंगठा सासूबाईंचा आला.