बियांकाचं पान

कोंकोर्दिया,
२ ऑगस्ट

प्रिय यामिला,

फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. परवा आपलं ते जुनं घर चालवणाऱ्या नोर्माने कळवलं की येत्या गुरुवारी रोसारियोत सरकारी वकिलापुढे तुझी तारीख आहे. तो माणूस बचावाला काय म्हणतोय तेही तिने सांगितलं. म्हणे, "पानावर लिहिलं होतं, ही कशालाच नाही म्हणत नाही." तुझं मनगट मोडलं, तुला बाथरूमच्या दारावर आपटलं, आणि वर हा शहाजोगपणा! त्याच्या वकिलाने साइटवरचं बियांकाचं ते पान गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांसकट छापून फाइलला जोडलंय. तुला अजून कात्री धरवत नाही आणि सलूनचा कोर्स अर्धवट राहिलाय, हेही तिच्याकडूनच समजलं.

मी इथे संत्र्यांच्या शेडमध्ये आहे, ते तुला ठाऊक आहेच. ऑगस्टच्या या थंडीत काम जोरात असतं. पट्ट्यावरून फळं येतात आणि आम्ही बारा बायका ती वेगळी करतो. मोठं की लहान असा वाद झाला की फळ लोखंडी कडीतून टाकायचं. आरपार गेलं तर लहान, अडकलं तर मोठं. मुकादम कितीही ओरडला तरी कडीपुढे त्याचं काही चालत नाही. परवा ती कडी हातात असताना एकदम मनात आलं. चेहरा सात, बांधा आठ, वागणूक चार, असं आपल्याला लिहिणाऱ्यांकडे कसली कडी होती गं? संत्र्याला जेवढा न्याय मिळतो तेवढाही आपल्याला मिळाला नाही.

माझ्या दाढेचा किस्सा तुला सांगितला होता. तेव्हा आपण पोट धरून हसलो होतो, आता मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. डावा गाल सुजलेला, ठणक मेंदूत जात होती, आणि एकाच दुपारी तिघे आले. पहिल्याने लिहिलं, "खरीखुरी उत्कट. डोळ्यांत पाणी आलं तिच्या." पाणी दाढेचं होतं. दुसऱ्याने लिहिलं, "बर्फाची लादी. तोंडातून शब्द नाही." तोंड उघडतच नव्हतं माझं! तिसरा म्हणे, "ओठ फोटोपेक्षा भरलेले. अगदी नवखी, थरथरत होती." मला त्या कामात आठ वर्षं झाली होती. नोर्मा कॉफी पीत पीत मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "सुले, दाढेला नऊ मिळाले बघ, तुला चारच!"

आणि तुझ्या वेळचं आठवतं? बियांका हे नाव माझ्याही आधी कुणीतरी वापरलेलं. बाई गेली तरी नाव घरातच राहायचं, बिनचेहऱ्याचे फोटो आणि पानावरचे सगळे अभिप्राय यांच्यासकट. नवी मुलगी कोऱ्या पानावर उभी केली तर फोन वाजत नाही, असं नोर्माचं म्हणणं. तू आलीस, मी तुला नऊ दिवस सगळं दाखवलं आणि मी निघाले. तू माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, रंगाने सावळी, भुवईत व्रण. तरी दुसऱ्याच आठवड्यात एकाने लिहिलं, "बियांकाला मी तीन वर्षं ओळखतो. आमची जवळीक वेगळीच आहे. हल्ली जरा गंभीर झालीय." तू मला फोन करून किंचाळलीस, "अगं, हा मेला कोणाबद्दल बोलतोय? तुझ्याबद्दल की माझ्याबद्दल?" कोणाबद्दलच नाही, यामिला. समोर दुसरीच बाई आहे एवढंही ज्याला दिसलं नाही, तो आपल्याला दशांशात गुण देत होता.

त्यांच्या त्या भाषेची तर मला आजही शिसारी येते. "मित्रहो, आपल्या सेवेत हा अनुभव सादर करतो," अशी सुरुवात, जणू ग्रंथालयाचा अहवाल. चुंबन घेऊ दिलं तर "प्रेयसी-वागणूक". ठरलेल्या वेळेला उठली तर "घड्याळवाली". शेवटी रकाना, पुन्हा जाईन का? हो किंवा नाही. आणि सगळ्यात घाणेरडा शब्द म्हणजे "फाटक उघडं". जिला नको म्हणता येत नाही, जिच्याशी काहीही चालतं, ती फाटक उघडं. हे लिहिणारे कोण, तर दाताचे डॉक्टर, गणिताचे मास्तर, रविवारी मुलांना नदीवर फिरवणारे बाप. एकमेकांच्या अभिप्रायाखाली आभार मानायचे. थू!

बियांकाच्या पानावर हा शब्द एकदाच आलाय, डॉन एवारिस्तो नावाच्या माणसाने लिहिलेला. तुला मारणाऱ्याने मोबाइल तुझ्या नाकापुढे धरून तोच दाखवला होता. "हे बघ, लिहिलंय इथे, आता नाटकं कशाला?" तेव्हापासून तू त्या एवारिस्तोला शोधते आहेस. मला दर फोनला म्हणायचीस, "सुले, तो भेटू दे एकदा, त्याच्या तोंडावर थुंकते." मी हूं हूं करत राहायचे, मग इथल्या थंडीचा विषय काढायचे.

तू येण्याआधीच्या हिवाळ्यात माझ्या पानावरचे गुण घसरले होते. तीन जणांनी ओळीने "लादी" लिहिलं आणि फोन वाजेनासा झाला. नोर्मा म्हणाली, "सुले, असंच चाललं तर खोली दुसरीला द्यावी लागेल." कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात बसून मी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच थाटात एक अभिप्राय रचला. मित्रहो, सेवेत सादर, वागणूक दहा, फाटक उघडं. त्या शब्दाचा अर्थ मला पुरता माहीत होता. पण नोर्मा दाराशी असायची, मी धिप्पाड, तोंडाची फटकळ. आलेल्याला बोलण्यात गुंगवून वेळ मारून नेईन, असं वाटलं. तशी नेलीही. फोन खणखणू लागला, आम्ही पिझ्झा मागवला आणि मी स्वतःवर खूश झाले. मग मी निघून आले, आणि ते वाक्य तुझ्या अंगावर टाकून आले. यामिला, डॉन एवारिस्तो मीच.

रविवारी त्या नावाने आत शिरून पाहिलं, पासवर्ड अजून चालतो. त्या अभिप्रायाखाली एकेचाळीस जणांनी आभार मानलेत. त्यातला एक तो आहे. किळस आली ती आधी त्यांची, मग माझी, आणि माझी अजून गेलेली नाही. पुसून टाकणार होते, पण नाही पुसलं. ते पान खोटं आहे, हे ज्या खात्यातून ते लिहिलं तिथूनच दाखवता येईल. म्हणून हे पत्र. बुधवारच्या बसने मी येते आहे. मुलीला, रोसीओला, वाटतं मी रोसारियोत हॉटेलच्या धुलाईखान्यात होते. निघण्याआधी तिला खरं सांगेन. गुरुवारी त्या फाइलमध्ये माझं ओळखपत्रावरचं पूर्ण नाव जाईल, की हे मी लिहिलं, ते खोटं होतं, आणि ज्या बाईबद्दल लिहिलं ती यामिला नव्हतीच. आत जाण्याआधी मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. तू म्हणाली होतीस तसं कर. मी तोंड फिरवणार नाही.

तुझी म्हणवून घ्यावं की नाही, ते तू ठरव,
सुलेमा एतेल ग्रोसो